अँड्रॉइड की आयफोन? आधी सांगा, हा फोन पुढे कोणाकडे जाणार

गणपतीत गावी गेलं की माझ्याकडे दोन कामं ठरलेली असतात, माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, कवंडळाची फळं बांधायची आणि वाडीतल्या लोकांचे फोन बघायचे. दुसरं काम जास्त वेळ खातं. मी काही मोबाईलचं दुकान चालवत नाही, पुण्यात एका ऑफिसात ॲप टेस्टिंग करतो, पण आमच्या देवगडकडे त्याचा अर्थ "ह्याका मोबाईलातला कळता" एवढाच होतो, आणि मग आरती संपली रे संपली की ओटीवर एकेकाचा फोन माझ्या पुढ्यात यायला लागतो.

गेल्या गणपतीत सुरुवात आईपासूनच झाली. "बाबू, माझो मोबाईल भरलो म्हणता. मी तर काय्येक टाकूक नाय त्यात." फोन २०१९ चा, अँड्रॉइड, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. आणि नेमका त्याच सकाळी दादा तुतारी एक्सप्रेसने आला आणि पिशवीतून चिवड्याच्या पुड्यासोबत त्याचा जुना आयफोन एक्सआर काढला, आईसाठी म्हणून. त्याने स्वतःला नवीन घेतलाय ना. त्याचं म्हणणं एकच, आयफोन हँग होत नाही, दे तिला आणि विसरून जा. ताईचा मुलगा लगेच मध्ये पडला, आजीला कशाला आयफोन, ती काय रील बनवणारे का, तिचा वापर केवढासा.

तर या "केवढासा वापर"वरच मला बोलायचंय, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आपण लाईट युजर, हेवी युजर असं तासांवर ठरवतो. फोन तसं मोजत नाही. शेजारचे आबा रोज पाच तास यूट्यूबवर कीर्तन लावून झोपाळ्यावर बसतात, पण फोनच्या दृष्टीने ते अगदी हलकं काम आहे, कारण व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, मुख्य प्रोसेसर जवळपास निवांत असतो, बॅटरी जाते ती जास्त करून स्क्रीनची. आता देवबागची माझी मामी बघा. होमस्टे चालवते, तिच्या हातात फोन दिवसाला तासभरही नसतो, हात कायम पिठात नाहीतर माशात. पण तिला दोन बुकिंगची ॲप, एक साधं व्हॉट्सॲप, एक बिझनेसवालं, यूपीआय, बँक, मॅप, हे सगळं एकाच वेळी जिवंत लागतं आणि त्यातलं एक जरी गप्प झालं तरी गिऱ्हाईक शेजारच्या होमस्टेत जातं. खरी हेवी युजर ती आहे, आबा नाहीत. एकाच वेळी किती ॲप जागी ठेवायची, बॅकग्राउंडला काय काय चालायला हवं, फोनमध्ये नवीन किती साठवलं जातं, भार यावरून ठरतो.

आता ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे फोन चालवणारी मूळ यंत्रणा, यात करते काय, तर पंगत सांभाळते. रॅम म्हणजे पंगतीची जागा, स्टोरेज म्हणजे घराचा माळा. माळ्यावर शंभर पाट असले तरी माजघरात एका वेळी वीसच माणसं बसणार. प्रत्येक उघडलेलं ॲप म्हणजे पानावर बसलेला माणूस. जागा संपली की कोणाला तरी उठवावं लागतं, आणि कोणाला उठवायचं, कधी उठवायचं, उठलेल्याला परत कसं बसवायचं, याच्यात अँड्रॉइड आणि आयओएस, म्हणजे आयफोनची सिस्टीम, यांचे स्वभाव वेगळे आहेत.

आयओएस म्हणजे आमची थोरली काकू. तुम्ही ॲपमधून बाहेर पडलात की त्याला हातातलं काम आवरायला थोडे सेकंद मिळतात आणि मग ते जिथल्या तिथे थिजवलं जातं. बसून राहा, पण हलायचं नाही. गाणी, फोन, रस्ता दाखवणारा मॅप अशा ठरावीक कामांना सूट असते, बाकीच्यांनी काकू बोलावेल तेव्हाच बोलायचं. जागा कमी पडली की थिजलेल्यांना सरळ उठवते. अँड्रॉइडचं घर मुळात मोकळंढाकळं, ॲपला मागच्या पडवीत बसून काम करत राहायची मुभा होती, आणि त्यामुळेच सुरुवातीच्या अँड्रॉइडची बॅटरी दुपारीच मान टाकायची. मग २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर फोन पडून असला की ॲपना झोपवायची सोय आली, २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये बॅकग्राउंडवर आणखी बंधनं आली. म्हणजे अँड्रॉइडही हळूहळू काकूच्या वळणावर गेलंय, पण अजून बरंच सैल आहे.

दुसरा फरक आणखी खोलात. ॲप काम करताना मेमरी वापरतं आणि टाकून देतं, जेवण झालेल्या केळीच्या पानासारखं. आयफोनवर साधारणपणे ज्याचं जेवण झालं त्याचं पान लगेच उचललं जातं. अँड्रॉइडवर पानं थोडी साठू देतात, मग एक झाडलोटवाला येऊन एकदम उचलतो, आणि तो येईपर्यंत जागा जास्त लागते. आयफोन कमी रॅममध्ये भागवतो त्याचं हे एक कारण, दुसरं असं की चिपपासून सिस्टीमपर्यंत सगळं एकाच घरात बनतं. आई आणि दादा दोघांच्याही फोनला ३ जीबीच रॅम बरं का, एक्सआर तर २०१८ चा, एक वर्षाने मोठा, पण ओटीवर शेजारी शेजारी ठेवून व्हॉट्सॲप उघडलं तर एक्सआरवर चटकन आलं आणि आईच्या फोनवर हिरवा पडदा आला, मग पांढरा, मग मी दादाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे, आणि मग चॅट आल्या. म्हणून अँड्रॉइडचा ८ जीबी आणि आयफोनचा ४ जीबी हे आकडे एका तराजूत टाकू नका. आणि जाहिरातीत "८ अधिक ८" असं दिसलं तर नंतरचे ८ रॅम नसतातच, माळ्यावरची जागा पंगतीत धरलेली असते, जेवायला माळ्यावर चढायचं म्हटलं तर वेळ लागणारच ना.

पण आईच्या फोनचं खरं दुखणं रॅमचं नव्हतंच. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग, मग स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज उघडलं तर एकट्या व्हॉट्सॲपने १३ जीबी धरलेले. सोळा ग्रुप. शुभ सकाळ, उगवता सूर्य, कपात चहा आणि त्यात गुलाब, कुणाच्या बारशाचे तेच तेच व्हिडिओ पाच जणांकडून आलेले. सिस्टीमची जागा, ॲपची जागा, आणि उरलं ते सगळं या गुलाबांनी भरलेलं. फोनची मेमरी चिप अशी असते की नवीन लिहायला कोरी जागा लागते, भरलेली जागा आधी पुसून मग लिहावं लागतं, आणि स्वस्त फोनमधली जुन्या पद्धतीची चिप तर आधीच धिमी, ती गळ्यापर्यंत भरली की सगळा फोनच रडायला लागतो. आईने खरंच काही टाकलं नव्हतं, तिच्यासाठी दुनियेने टाकलं होतं. मीडिया ऑटो डाउनलोड बंद केलं, मोठ्या फाईली उडवल्या, जवळपास ११ जीबी मोकळे झाले आणि फोन चालायला लागला. हे सिस्टीम बदलून सुटणारं नव्हतं, ६४ जीबीचा एक्सआरही तिने दोन चतुर्थीत भरला असता.

बॅकअपचं पण सांगून ठेवतो. गुगल १५ जीबी फुकट देतं, ऍपल आयक्लाउडवर ५. लाईट युजरला वाटतं आपल्याला काय करायचंय, पण व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा अँड्रॉइडवर आता त्या १५ मध्येच धरतात, आणि नातवंडांचे फोटो ५ जीबीत एका गणपतीतच बसत नाहीत.

आता मामी. ती पाचव्या दिवशी आली, आली ती चिडूनच. सीझनमध्ये एका ॲपवर बुकिंग आलं, नोटिफिकेशन दोन तासांनी वाजलं, तोवर पार्टी दुसरीकडे गेलेली. तिचा फोन तर चांगला होता, ८ जीबी रॅमचा अँड्रॉइड. झालेलं असं की अँड्रॉइड मूळ गुगलचं, पण प्रत्येक कंपनी त्याच्यावर आपला साज चढवते, आणि त्या साजात बॅटरी वाचवायची स्वतःची वेगळी यंत्रणा घालते, जी बरेच दिवस नीट न उघडलेली ॲप सरळ झोपवते. मामी ते ॲप कधी उघडतच नव्हती, वाजलं की बघायचं एवढंच. फोनला वाटलं हे बिनकामाचं. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन "अनरिस्ट्रिक्टेड" केलं, काम झालं. आयफोनवर अशी प्रत्येक कंपनीची वेगळी तऱ्हा नाही, नोटिफिकेशन सगळ्यांची ऍपलच्या एकाच वाटेने येतात. म्हणून मामीसारख्या धंदेवाल्या माणसाला मी आयफोन नको म्हणणार नाही. पण तिला दोन सिम लागतात, एकावर घाटाखाली रेंज असते आणि दुसऱ्यावर किनाऱ्याला, आणि एक सिम काढून पाहुण्याच्या फोनमध्ये घालायचंही ती करते, त्यात आपल्याकडच्या आयफोनमध्ये प्लास्टिकचं सिम फार तर एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, हाताने काढता न येणारं. तिने ते ऐकूनच फोन पदराला पुसून परत घेतला.

रेंजवरून आठवलं. आमच्याकडे घरात रेंज एक कांडी, विहिरीकडच्या चिऱ्यावर उभं राहिलं तर तीन. फोन कमजोर सिग्नल पकडायला जास्त ताकद लावतो आणि त्यात बॅटरी जाते, हे दोन्ही सिस्टीमला सारखंच आहे. मुंबईत दिवसभर पुरणारा फोन गावात चारला मरतो म्हणून कंपनीला शिव्या घालू नका. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, नाहीतर रात्री फ्लाईट मोड. २०२१ ला तौक्ते वादळात चार दिवस लाईट नव्हती तेव्हा वाडीत शेवटपर्यंत चालू राहिला तो आबांचा बटणांचा फोन. आणि खरं सांगू का, ज्यांना फक्त बोलायचंय त्यांना तोच ठेवू द्या. यूपीआयचे पैसेसुद्धा आता त्यावरून जातात, २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे, इंटरनेट लागत नाही. उगाच स्मार्टफोन देऊन म्हाताऱ्या माणसाला गोंधळात टाकायची काही गरज नाही.

मुद्द्यावर येतो. कोकणात फोनचा प्रवास ठरलेला आहे. चाकरमानी मुंबईत नवीन घेतो, दोन-तीन वर्षं चोपून वापरतो, मग गणपतीत किंवा शिमग्याला तो जुना फोन आई-वडिलांकडे येतो, तिथे अजून चार वर्षं काढतो, मग कोणा पोराकडे गेम खेळायला. म्हणजे हेवी युजरचा फोन हाच पुढे लाईट युजरचा फोन होतो. आणि लाईट युजर फोन बदलतच नाही. त्यामुळे अपडेट किती वर्षं मिळणार हा प्रश्न हौशी पोरांपेक्षा आईसाठी जास्त मोठा आहे, कारण फोन तिच्या हातात येतो तेव्हा त्याचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं.

इथे आयफोनचं नाव आहे आणि ते कमावलेलं आहे. २०१३ च्या आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षेचा अपडेट आला होता. अँड्रॉइडची पंचाईत अशी की गुगल नवीन अँड्रॉइड काढतं, मग चिप बनवणारा त्याला हात लावतो, मग फोन बनवणारी कंपनी साज चढवते, आणि स्वस्त फोनसाठी एवढी मेहनत कोण घेणार, म्हणून आईचा फोन अँड्रॉइड १० वर अडकला तो अडकलाच. पण हे आता बदललंय. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ ला ७ वर्षांचा शब्द दिला, सॅमसंगने २०२४ च्या एस२४ ला ७ वर्षांचा, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं म्हणजे ए१६ ५जी सारख्या साध्या फोनलाही ६ वर्षांचा. आणखी एक, अँड्रॉइडवर मुख्य अपडेट बंद झाला तरी क्रोम आणि प्ले सर्व्हिसेस (गुगलचा पडद्यामागे चालणारा भाग) असे बरेच भाग प्ले स्टोअरमधून ताजे होत राहतात, आयफोनवर सफारी ब्राउझर वगैरे सिस्टीमबरोबरच येतं. म्हणून जुना अँड्रॉइड वाटतो तेवढा लगेच मरत नाही, नुसता म्हातारा होतो.

दादाच्या एक्सआरचं काय? तो आयओएस १८ पर्यंत आला आणि थांबला, त्याच्या लगेच पुढचं आयओएस २६ (मधले आकडे ऍपलने गाळले) त्याला नाही. लगेच काही बंद पडत नाही, व्हॉट्सॲपला तर आयओएस १५.१ पुरतं. पण आपण आईला पाच वर्षांसाठी फोन देतोय आणि हा तर उतरणीला लागलेला फोन आहे. बॅटरी हेल्थ बघितली, ७८ टक्के. जुन्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून सिस्टीम मुद्दाम फोनचा वेग कमी करू शकते, हे ऍपलने २०१७ च्या डिसेंबरात स्वतः मान्य केलंय, तेव्हा जुना आयफोन कोणाला द्यायचा असेल तर आधी बॅटरी बदलून द्या, नुसता पुसून देऊ नका. (दादा यावर काही बोलला नाही, मोदक खात बसला.)

एका बाबतीत मात्र दादाचं शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते त्याला माहीतच नव्हतं. चार महिन्यांपूर्वी वाडीतल्या एका काकांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. फोटो नाही, पीडीएफ नाही, शेवटी एपीके लिहिलेली फाईल. त्यांना वाटलं कोणाचं लग्न राहून गेलं, उघडली, फोनने विचारलं इन्स्टॉल करू का, हो, मेसेज वाचायची परवानगी देऊ का, हो. खात्यातून पैसे गेले. एपीके म्हणजे आख्खं ॲप असतं, पत्रिका नव्हे, आणि अँड्रॉइडवर एखाद्या ॲपला परवानगी दिली की ते तुमचे एसएमएस, म्हणजे बँकेचा ओटीपीही, वाचू शकतं. आयफोनवर आपल्याकडे ॲप स्टोअरच्या बाहेरून असं ॲप घालताच येत नाही आणि एखाद्या ॲपने तुमचे सगळे एसएमएस चाळायची सोयच ठेवलेली नाही. काकूची कडक शिस्त इथे कामाला येते. ज्यांना समोर येईल त्या प्रश्नाला "हो" दाबायची सवय आहे त्यांच्यासाठी हा फरक कॅमेऱ्यापेक्षा, रॅमपेक्षा, सगळ्यापेक्षा मोठा. अँड्रॉइडच ठेवायचा असेल तर सेटिंगमध्ये "इन्स्टॉल अननोन ॲप्स" शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल्स सगळ्यांसमोर ते बंद आहे का बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मी त्या दिवशी ओटीवर आलेल्या प्रत्येक फोनवर ते बघितलं, दोघांचं चालू सापडलं.

आईने दोन दिवस एक्सआर वापरून बघितला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ह्याका मागे जाऊचा बटाण खय असा?" नाहीच आहे. डाव्या कडेवरून बोट सरकवायचं, काही ॲपमध्ये तेही वेगळं. अँड्रॉइडवर खाली तीन बटणं ठेवायची सोय अजून आहे, आणि सहा वर्षं त्या जागी अंगठा मारलेल्या बाईला तुम्ही कितीही चांगली सिस्टीम द्या, तिचा अंगठा तिथेच जाणार. तर ठरलं असं की अननोन ॲप्स बंद करून, अक्षरं मोठी करून आई तूर्तास अँड्रॉइडवरच राहील, दिवाळीला तिला १२८ जीबीचा, सहा वर्षं अपडेट देणारा नवीन अँड्रॉइड घ्यायचा, आणि एक्सआर गेला ताईच्या मुलाकडे. तो खूश. कारण सातव्या दिवशी शेजारच्या वाडीत डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, होता आणि त्याला तो आख्खा शूट करायचा होता.

त्याला मी आधीच हिशोब सांगितला होता. आयफोनवर ४के, म्हणजे फुल एचडीपेक्षा बारीक चित्राचा, सेकंदाला ३० फ्रेमचा एक मिनिट म्हणजे साधारण १७० एमबी. डबलबारी चार तास जरी धरली तरी ४० जीबीच्या वर जातं, तुझ्या ६४ मध्ये सिस्टीम, ॲप आणि मामाचे जुने फोटो आहेत, आयफोनला मेमरी कार्ड लागत नाही, आणि एक्सआर टाईप-सी वाला पण नाही की टाईप-सी पेनड्राईव्ह थेट जोडून मोकळा करशील, टाईप-सी आयफोन १५ पासून. असल्या शूटिंगवाल्याला एकतर भरपूर स्टोरेजचा फोन हवा नाहीतर कार्ड घालता येणारा अँड्रॉइड. शिवाय इतका वेळ शूट केलं की कुठलाही फोन तापतो आणि तापला की सिस्टीम त्याला हळू करते. "हो रे मामा," म्हणाला.

रात्री दीड वाजता दुसऱ्या बुवांनी गजर धरला, पखवाज तापला, लोक उठून उभे राहिले आणि एक्सआरवर स्टोरेज फुल. मग पोरगं धावत आजीकडे आलं. साफ केलेल्या ११ जीबीत पुढचं सगळं आईच्या ३ जीबीवाल्या म्हाताऱ्या अँड्रॉइडवर, साध्या फुल एचडीत शूट झालं, थोडं हललंय पण गजर पूर्ण आहे.

आता तो ४ जीबीचा व्हिडिओ आईच्या फोनमध्ये आहे आणि ती तो फॅमिली ग्रुपवर पाठवायचा प्रयत्न करतेय. व्हॉट्सॲपवर २ जीबीच्या वरची फाईल जात नाही हे मी तिला तीनदा सांगितलं. काल परत फोन आला होता, "बाबू, जाणा नाय रे."